दुखणे वाशीमचे, प्रभावांक परक्यांचा

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. त्यांत वाशीमचे महाविद्यालय होते. १९९८ च्या १ जुलैला अकोल्यापासून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित', म्हणजे सरळ मराठीत मागास, अशा जिल्ह्यांच्या यादीत घातलेला हा जिल्हा. गंभीर दुखणे आले की अकोला किंवा नागपूर गाठणाऱ्या येथील कष्टकऱ्यांनी या महाविद्यालयाचे स्वागत करावे हे योग्यच आहे. ही मागणी लावून धरणाऱ्यांत आपले कार्यकर्ते मागे नव्हते.

परंतु वैद्यकीय महाविद्यालय आले की त्याच्या पाठोपाठ संशोधन येते. अध्यापकाच्या बढतीला प्रसिद्ध झालेले निबंध लागतात, पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लागतो, आणि दोघांनाही लागतो तो 'नमुना'. हा नमुना म्हणजे मानोऱ्याच्या तांड्यावरची बाळंतीण, रिसोड-मालेगावकडचा सोयाबीनवाला, कारंजा-मंगरुळपीरच्या वावरात फवारणी करणारा सालदार. या माणसांचे दुखणे, त्यांची हकीकत आणि त्यांचे मरण यांपासून जे ज्ञान तयार होईल ते कोणाच्या मालकीचे असणार, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. महाविद्यालय रुळल्यावर तो विचारणे फार अवघड होईल.

वैद्यकीय मानवशास्त्र ही विद्याशाखा वास्तविक आपल्या बाजूची असावयास हवी होती. माणूस आपल्या आजाराला काय नाव देतो. प्रथम भगताकडे जातो, औषधाच्या दुकानात जातो की आरोग्य केंद्रात. उपचाराच्या खर्चापायी कोणता दागिना मोडतो, कोणते शेत गहाण टाकतो. आणि अखेर मृत्यूचे कारण ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हे या शास्त्राचे विषय. रोगजंतूच्या मागे उभी असलेली समाजरचना दाखविणे हे त्याचे काम.

यातला शेवटचा विषय वाशीमकरांना कोणी शिकविण्याची गरज नाही. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा यांच्याबरोबर वाशीम होते. त्याच वर्षी ठरलेली मदत मृताच्या वारसाला १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. ही मदत मिळण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मृत्यू 'पात्र' ठरवावा लागतो. नापिकी होती काय? कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा मान्यताप्राप्त सावकाराचेच होते काय? वसुलीचा तगादा होता काय? ज्याने नात्यागोत्यातून किंवा परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचलले, त्याचे मरण कारणाविना झालेले मरण ठरते. जिच्या नावावर सातबारा नाही, ती बाई जन्मभर शेतात राबली तरी मेल्यानंतर शेतकरी म्हणून मोजली जाणे कठीण. व्यसन, घरगुती भांडण, मनोविकार असा शेरा फायलीत पडला की प्रकरण मिटते. मृत्यूचे कारण ही येथे वैद्यकीय बाब राहत नाही, तो सरळ सरळ पैशाचा आणि न्यायाचा प्रश्न होतो. म्हणून संशोधक कोणत्या कारणाला वजन देतात याकडे आपले लक्ष असले पाहिजे.

या संशोधनाचा ओघ कोठून कोठे गेला ते पाहण्यासारखे आहे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि २००६ च्या आरंभी राज्य सरकारसाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने शेतकरी आत्महत्यांची चौकशी केली. तेव्हा बोलणे कर्ज, नापिकी, भाव आणि सिंचन यांचे होते. पुढच्या दशकात चर्चेचा मध्य हळूहळू शेतकऱ्याच्या मनाकडे सरकला. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला. नैराश्याने पीडित लोकांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण त्याने सुमारे सहापट वाढविले, आणि त्याचा अहवाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नामवंत नियतकालिकात आला. राज्य शासनानेही २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' या नावाने समुपदेशन सुरू केले. वाशीम त्यांत आहे.

ही कामे निरर्थक होती असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. ज्याला रात्ररात्र झोप नाही, त्याला औषध आणि आधार मिळालाच पाहिजे, आणि ग्रामीण माणसाच्या मनाचे दुखणे हे दुखणेच नव्हे, असे समजण्याची चूक आपल्या चळवळीनेही पुष्कळ वर्षे केलेली आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. नैराश्य प्रश्नावलीने मोजता येते, त्याचे आधीचे व नंतरचे आकडे मांडता येतात, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला ते आकडे ओळखीचे वाटतात. कापसाचा पडलेला भाव, पीकविम्याचा न आलेला पैसा, सोसायटीच्या सचिवाचा दरारा यांना अशा तक्त्यात घर नसते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही मजुराने तोंडाला फडके बांधले नव्हते, हातमोजे घातले नव्हते, याचीच चर्चा अधिक झाली. ते विष विकणाऱ्याची चर्चा कमी. मोजण्याचे साधन जे ठरवील, तेच कारण म्हणून नांदू लागते. आणि ते साधन निवडतो कोण?

येथे प्रभावांकाचा संबंध येतो. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये अशी कल्पना मांडली की कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा आधार घेतला याची सूची करावी. पुढे ती सूची निघाली, आणि १९७५ पासून नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' वर्षावर्षाला प्रसिद्ध होऊ लागला. हिशेब सोपा आहे. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा या वर्षी इतरांनी किती वेळा दाखला दिला, त्या संख्येला त्या निबंधांच्या संख्येने भागावयाचे. ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी ही साधी सोय होती. आज ती अध्यापकाच्या नेमणुकीची, बढतीची आणि अनुदानाची तराजू झाली आहे.

मानवशास्त्राला तर ती मुळातच लागू पडत नाही. एका तांड्यावर विश्वास मिळवायलाच दोन वर्षे लागतात. तेवढ्यात या गणिताची मुदत संपते. या शास्त्रातील पुष्कळ चांगले काम ग्रंथरूपाने येते, त्याला येथे फारसा भाव नाही. आणि मराठीत लिहिलेल्या निबंधाला, तो कितीही मोलाचा असो, परदेशी कंपन्यांच्या सूच्यांत जवळजवळ जागाच नाही. वाशीमच्या प्राध्यापकाने वाशीमच्या लोकांना समजेल अशा भाषेत वाशीमच्या आजारांविषयी लिहिले तर त्याचा प्रभाव शून्य, असे हे शास्त्रशुद्ध गणित सांगते.

या व्यवहारातला पैसाही पाहू. वैद्यकीय समाजशास्त्र व मानवशास्त्रात 'सोशल सायन्स अँड मेडिसिन' या नियतकालिकाला मोठा मान आहे. ते १९६७ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गामॉन प्रेसने काढले. (हे गृहस्थ १९६४ ते १९७० ब्रिटिश मजूर पक्षाचे खासदार होते, हे आपण समाजवाद्यांनी विसरू नये.) १९९१ मध्ये पर्गामॉन एल्सव्हियर या मक्तेदार कंपनीकडे गेली. संशोधकाचा पगार जनतेच्या करातून, निबंध तपासणाऱ्या विद्वानांचे श्रम फुकट, हकीकत सांगणाऱ्या गरिबाला एक कप चहा. आणि विज्ञान-प्रकाशनाच्या या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे पस्तीसहून अधिक रुपयांचा नफा कंपनीचा. तो निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा असे लेखकाला वाटले तर त्यानेच तीन हजार डॉलरांहून अधिक रक्कम भरावी. रुपयांत ती अडीच लाखांवर जाते. एका निबंधाला कुलुपातून सोडविण्याची ही किंमत, आणि एका शेतकऱ्याच्या मरणाची मदत १ लाख.

सरकारने यावर काढलेला तोडगाही तसाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेखाली तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये तीस प्रकाशकांना द्यावयाचे ठरविले. सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना त्याने वाचायला मिळेल, ही गोष्ट चांगली. पण आपल्याच लोकांच्या दुखण्याची कथा आपण आपल्याच कराच्या पैशाने परत विकत घेणार, आणि ज्याची ती कथा, तो शेतकरी, ती आशा कार्यकर्ती मात्र दाराबाहेरच राहणार.

यावर विद्यापीठीय मित्र विचारतील, मग दर्जा मोजावयाचा कसा? मोजमाप काढले तर वशिलेबाजी माजेल. हा आक्षेप खोटा नाही. पण मोजमापाने काय माजले तेही त्यांनी पाहावे. २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन शिक्षकाच्या कामाला गुण लावले. ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, रजा नाही, ग्रंथालय नाही, अशा तालुक्याच्या शिक्षकाला निबंध छापून आणण्याची सक्ती झाली, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांची दुकाने देशभर उघडली. २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही मोडीत काढली. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. त्याला वजन लावून पाण्यात टाकले आणि पोहण्याचे गुण मागितले, हे कोणी बोलत नाही.

दुसरा मार्ग असतो, आणि तो विदर्भातच चालून दाखविला गेला आहे. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील स्त्रियांच्या रोगांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, नवजात बाळांच्या घरगुती शुश्रूषेचा १९९९ मध्ये. जगभर त्यांचे दाखले दिले गेले. परंतु महाराष्ट्र सरकारला हलविले ते २००१ च्या 'कोवळी पानगळ' या मराठी अहवालाने. बालमृत्यूंचे खरे आकडे मराठीत लोकांपुढे आले, विधिमंडळात गाजले, आणि सरकारला मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्या अहवालाला प्रभावांक नव्हता. बंग दांपत्याची राजकीय मते आपल्यापेक्षा निराळी आहेत. तरी हा धडा त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा नाही.

याच कथेचा उत्तरार्ध आपल्या पक्षाच्या कामाचा आहे. गडचिरोलीची ती पद्धत २०११ पासून देशभर आशांमार्फत राबविली गेली. बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात खेपा, बाळाचे वजन, ताप, श्वास यांची नोंद, आणि या सर्वांबद्दल एका बाळामागे आशेला २५० रुपये. मूळ निबंधाच्या दाखल्यांची मोजदाद होते. या खेपांची मोजदाद करावी म्हणून महाराष्ट्रातील आशांना ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर जावे लागले. वाशीम जिल्ह्यात यापुढे जे आरोग्य-संशोधन होईल, त्यातले घरोघरचे आकडे बहुधा याच बायका गोळा करतील. निबंधावर त्यांचे नाव येणार आहे काय? त्या दिवसाची मजुरी मिळणार आहे काय?

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले तेव्हा ते छापून मोकळे होण्याची वाट पाहिली नाही. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी त्यातला मजकूर लोकांना वाचून दाखविला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी तो ऐकला. संशोधनाची ही रीत महाराष्ट्रात आपल्याला उसनी आणावी लागत नाही. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वे तयार झाली, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे मुंबईचे नियतकालिक १९९३ पासून निघते व कोणालाही विनामूल्य वाचता येते. साधने आहेत. दबाव नाही.

तो जिल्ह्यातून आला पाहिजे. वाशीम जिल्ह्यातील माणसांवर होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाचा मराठी गोषवारा त्या गावच्या ग्रामसभेत वाचला गेल्याशिवाय तो पूर्ण झाला असे मानू नये. नोंदी करणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविकांना त्या कामाचा वेगळा मेहनताना मिळावा, आणि त्यांचे श्रम निबंधात नावानिशी नोंदले जावेत. अध्यापकाच्या बढतीत मराठी लेखनाला आणि प्रत्यक्ष उपयोगाला गुण असावेत. हा विषय अमरावती विद्यापीठाच्या अधिसभेत आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात आपल्या शिक्षक-मित्रांनी मांडावा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते. ही जागा अनेकदा एखाद्या प्रतिष्ठित निवृत्ताकडे जाते आणि तो मुकाट्याने सही करतो. वाशीमच्या समितीत ती जागा कोणाकडे आहे, हे आपल्या जिल्हा शाखेने महाविद्यालयाला लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत एखाद्या आशा कार्यकर्तीचे किंवा आत्महत्याग्रस्त कुटुंबातील बाईचे नाव सुचविणारा ठराव येत्या ग्रामसभांतून करून घ्यावा.