कोणाकडे आलात?

खेड्यात अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणाकडे आलात?" गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी एका म्हाताऱ्या बाबांनी तो आम्हाला विचारला आणि आम्ही पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आम्ही कोणाकडेच आलो नव्हतो! वसतिगृहातील एका मित्राने मोबाईलवर काजव्यांची अर्ध्या मिनिटाची रील पाहिली, ती ग्रुपवर टाकली, आणि तासाभरात आमचा बेत ठरला, इतकेच.

माणूस स्वतःच्या मर्जीने हिंडतो, हा आपला गोड गैरसमज आहे. आमचे घर पाथर्डी तालुक्यातले. माझ्या आजोबांचे जाणेयेणेही ओळखीच्या जाळ्यानेच ठरत असे. भावकीतले लग्न, सोयऱ्यांकडचे जागरण, होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी मढीच्या कानिफनाथांची यात्रा. ऊसतोडीला कोणत्या कारखान्यावर जायचे, हेदेखील मुकादमाच्या ओळखीवर ठरे. त्या जाळ्यात उचलीचा फासही होता. तेव्हा त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण बोलावणारा माणूस ओळखीचा असे. पाहुणा चुकीचे वागला, तर बोल यजमानाला लागे, आणि याची जाणीव पाहुण्यालाही असे.

आज आपल्याला बोलावतो तो मोबाईल. त्याला ना गाव, ना घर. मग आपल्या वागण्याचा जाब कोण कोणाला विचारणार?

अकोले तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखतात. तो प्रकाश आपल्या करमणुकीसाठी नसतो. नर चमकून साद घालतो, मादी चमकून उत्तर देते, आणि थोड्या दिवसांच्या आयुष्यात त्यांना पुढची पिढी मागे ठेवायची असते. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत पडले की ही साद हरवते. त्या रात्री आमच्याही गाडीचे दिवे चालू होते. आमच्यापुढे आणि मागे तर गाड्यांची रांगच लागली होती. अंधार पाहायला आलेल्यांनीच अंधार संपवला होता!

कोणी म्हणेल, पर्यटकांमुळे तिथल्या आदिवासी कुटुंबांना चार पैसे मिळतात. ते खरे आहे आणि ते मिळायलाच हवेत. परंतु पैसे मिळतात ते त्यांच्या घरी जेवणाऱ्याकडून, त्यांच्या पोरांना वाटाड्या म्हणून नेणाऱ्याकडून. रस्त्यावर गाडी उभी करून चित्रण करणारा मागे ठेवतो तो फक्त कचरा.

म्हणून मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे. हिंडू नका, असे मी सांगत नाही. मात्र निघण्यापूर्वी त्या गावातल्या निदान एका माणसाशी ओळख करून घ्या आणि त्याचा पाहुणा म्हणून जा.

यंदा आम्ही दोघेच एस.टी.ने अकोले, राजूर करीत शेंडीला उतरलो. ज्यांच्याकडे जेवलो, त्यांच्याच मागून विजेरी न लावता पायी गेलो. वाटेत कोणीतरी अंधारातून विचारले, "कोणाकडे आलात?" या वेळी आमच्यापाशी सांगायला एक नाव होते.