उताऱ्याला पुरावा हवा

इंदूरचा दवा बाजार ही माळव्यातील औषधांची मोठी घाऊक पेठ. देशभरच्या औषधव्यापारात गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाची भर पडली आहे, आणि इंदूरही त्याला अपवाद नाही. मद्यपानापूर्वी किंवा नंतर घ्यावयाची पुडी, गोळी अथवा लहानशी बाटली असे ह्या मालाचे स्वरूप. आणि त्याचे आश्वासन असे की, दुसरे दिवशी डोके ठणकणार नाही, मळमळणार नाही, कामावर वेळेवर हजर होता येईल. त्यातील पुष्कळसा माल ‘पूरक आहार’ ह्या नावाखाली विकला जातो. आमचा आक्षेप ह्या विक्रीला नाही. आश्वासन द्यावयाचे ते औषधाचे आणि पुरावा मागितला की म्हणावयाचे, ‘हा तर आहार’, ह्या सोयीस्कर व्यवस्थेला आमचा आक्षेप आहे. तो इंदूरने घ्यावा ह्यास विशेष कारण आहे. त्याकडे पुढे वळू.

प्रथम नीतिवाद्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे प्राप्त आहे. ते विचारतील की, ज्याने प्यावे त्याने भोगावे. त्याच्या डोकेदुखीसाठी विद्वानांनी आपला वेळ का दवडावा? प्रश्न रोखठोक आहे, परंतु तो आपल्या वैद्यकपरंपरेला धरून नाही. चरकाने चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाला दिला. सुश्रुताने उत्तरतंत्रात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे भेद वेगवेगळे सांगून त्यांवरील उपचार लिहिले. त्यांनी रोग्याचा निवाडा करून मग उपचार केला नाही. दुखणे आहे म्हणून त्याचा विचार केला. वैद्य हा न्यायाधीश नव्हे. पिणाऱ्याला त्याच्या दुर्बलतेबद्दल शिक्षा म्हणून बाजारातील फसवणुकीच्या स्वाधीन करणे ही नीती नव्हे, निष्काळजीपणा होय.

आता दुखण्याचे स्वरूप पाहू. उर्दूत नशा उतरतानाच्या ग्लानीला ‘खुमार’ म्हणतात. मराठीत येता येता त्याचीच खुमारी झाली आणि तिला गोडी चढली. शरीरात मात्र असा गोड प्रवास घडत नाही. यकृत मद्यार्काचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड ह्या विषारी द्रव्यात आणि नंतर ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. गंमत अशी की, सकाळचा त्रास शिगेला पोहोचतो तो रक्तातील मद्यार्क जवळजवळ संपत आलेला असताना. त्यामागे एकच एक कारण नाही. झोप मोडलेली असते, शरीरातील पाणी गेलेले असते, जठराच्या अस्तराचा दाह झालेला असतो, रोगप्रतिकारक यंत्रणा खवळलेली असते. शिवाय गडद रंगाच्या मद्यांत मद्यार्काखेरीज इतर द्रव्येही अधिक असतात. एकाच गोळीने ह्या सगळ्या वाटा अडवल्या जातील, हे अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो तसे म्हणतो त्याने ते दाखवून दिले पाहिजे.

येथे ‘अनुभव’ नावाचा साक्षीदार पुढे येतो. ‘मी घेतली, मला गुण आला.’ हा साक्षीदार खोटा बोलत नाही, पण त्याला काही दिसलेलेही नसते. हे दुखणे बहुधा दिवसभरात आपोआप ओसरते. म्हणून त्या वेळात जे पोटात जाईल त्याच्या पदरी यश पडते, मग ते ताक असो, लिंबूपाणी असो, सोलकढी असो की मीठ घातलेली पेज. चोख काजूफेणीने सकाळी डोके जड होत नाही, असे गोव्यात अभिमानाने सांगणारे भेटतात. असेलही. पण त्या रात्री त्यांनी किती घेतली, सोबत काय खाल्ले, किती तास झोपले, ह्याचा हिशेब कोणी ठेवला होता? गोळी विकत आणणारा मनुष्य त्या रात्री कदाचित जरा जपूनच पितो. आणि जपण्याचे श्रेय गोळी घेऊन जाते.

खरी परीक्षा अशी असते. तीच माणसे दोन निरनिराळ्या रात्री बोलवावीत. वजनाच्या प्रमाणात मोजून मद्य द्यावे. जेवण आणि झोप शक्य तितकी सारखी ठेवावी. एका रात्री खरी गोळी द्यावी आणि एका रात्री तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणत्या रात्री कोणती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसावे आणि देणाऱ्यालाही नसावे. कोणती लक्षणे मोजावयाची आणि किती फरक पडला म्हणजे गुण म्हणावयाचा, हे आधीच लिहून ठेवावे. ह्यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते एवढेच की, उत्तर ‘नाही’ असे आले तर तेही छापावे लागते.

अशा परीक्षा झालेल्या आहेत. इंग्लंडमधील एक्सेटर येथे आर्टिचोकच्या अर्काची चाचणी १५ स्वयंसेवकांवर झाली. तिचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. गुण आढळला नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथे फड्या निवडुंगाच्या अर्काची चाचणी झाली. तिचा अहवाल २००४ सालचा. ६४ जणांपैकी ५५ जणांनी ती पूर्ण केली, आणि मळमळ, तोंडाला पडणारी कोरड आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे काहीशी कमी झाली. विक्रेत्यांनी येथे टाळी वाजवण्यापूर्वी पुढचे वाचावे. २०२२ साली ‘ॲडिक्शन’ ह्या नियतकालिकात अशा २१ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. मिळून ३८६ माणसे आणि २३ उपाय. पुराव्याचा दर्जा अत्यंत हलका ठरला. ८ चाचण्यांत केवळ पुरुषच होते. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही की, एकाच उपायाची तपासणी दोन चाचण्यांनी केली, असे एकही उदाहरण निघाले नाही. ह्याचा अर्थ कोणताच उपाय उपयोगी नाही असा होत नाही. ज्या मालावर इतका पैसा फिरतो त्याच्याविषयी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही, असा होतो.

‘वनस्पतीच आहे, अपाय तर होणार नाही ना?’ हे ह्या व्यापाराचे शेवटचे आणि सर्वांत लाडके समर्थन. लिव्ह ५२ हे १९५५ पासून भारतात घरोघरी पोहोचलेले वनस्पतिजन्य औषध. मद्यजन्य यकृतकाठिण्याच्या युरोपातील रुग्णांवर त्याची निष्क्रिय गोळीशी तुलना करून चाचणी झाली आणि १९९७ साली निष्कर्ष मांडले गेले. ज्यांचा विकार सर्वांत बळावलेला होता, त्यांच्यात औषध घेणाऱ्यांचे मृत्यू अधिक आढळले. ती चाचणी सकाळच्या डोकेदुखीची नव्हती, निरोगी माणसांवरचीही नव्हती. तिच्यावरून भलताच निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परंतु वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हे गृहीतक परीक्षेवाचून स्वीकारता येत नाही, एवढे तिने निश्चित दाखवले. यकृत ज्याचे आधीच थकले आहे, तोच ह्या पुड्यांचा नित्याचा गिऱ्हाईक असण्याचा संभव अधिक.

कायदा काय म्हणतो? पूरक आहाराविषयीच्या २०१६ च्या भारतीय नियमांप्रमाणे वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नव्हे’ असे छापावे लागते. रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. म्हणजे वेष्टनावरची ओळ एक सांगते आणि जाहिरात दुसरे सुचवते. नव्या औषधाला जसे टप्प्याटप्प्याने माणसांवर तपासून बाजारात यावे लागते, तसे मान्य सूचीतील घटकांच्या पूरक आहाराला यावे लागत नाही. अमेरिकेत २०२० साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने असे उतारे विकणाऱ्या ७ कंपन्यांना ताकीदपत्रे धाडली. ग्लानी बरी करण्याचा दावा करता, तेव्हा तुमचा माल औषध ठरतो आणि त्याला औषधाची मान्यता नाही, असा त्यांचा आशय होता. आपल्याकडेही हा तर्क लागू करण्यास कोणती हरकत आहे?

आता इंदूरचे कारण. माणसांवर औषधे तपासताना माणसाला विचारले पाहिजे, हा धडा देशाने ज्या गावांकडून घेतला त्यांत इंदूर अग्रभागी आहे. येथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात झालेल्या औषधचाचण्यांवर, रुग्णांना पुरती कल्पना न देता त्या केल्याचे आरोप झाले. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३ साली न्यायालयाने कडक शब्दांत शासनाला जाब विचारला. त्याच वर्षी भरपाईचे आणि नीतिसमित्यांच्या नोंदणीचे नियम आले, आणि २०१९ साली नव्या औषधांच्या चाचण्यांची स्वतंत्र नियमावली झाली. म्हणून आम्ही चाचणी मागतो ती वाटेल तशी नव्हे. ह्या चाचणीत निरोगी माणसाला मुद्दाम धुंद करावे लागते. त्याची संमती तो शुद्धीत असतानाच घेतली जावी. पैशांची निकड असलेल्या विद्यार्थ्याला वा मजुराला मोबदल्याचे आमिष दाखवून पकडले जाऊ नये. आणि मद्यार्क उतरल्याची खात्री होईपर्यंत त्याला घरी जाऊ देऊ नये.

कोणी म्हणेल, एका डोकेदुखीसाठी एवढा खटाटोप कशाला? तर हिशेब करून पाहावा. वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही आपल्या कायद्याची मर्यादा. मद्यार्क सरासरीने तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १५० होता, त्याच्या रक्तात सकाळी सहा वाजता ६० उरतो, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. डोके दुखत असेल तर तो कदाचित घरी राहील. गोळीने त्याला ताजेतवाने वाटू लागले, तर तो गाडी काढून आग्रा-मुंबई रस्त्याला लागेल. बरे वाटणे आणि शुद्धीवर असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि हा फरक वेष्टनावर ठळक अक्षरांत छापला जावा, ही आमची पहिली मागणी. दुसरी ही की, ज्या मालाचा गुण स्वतंत्र चाचणीत निदान दोनदा सिद्ध झालेला नाही, त्याने सकाळचे आश्वासन देऊ नये. तिसरी, चाचणीचे निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, लोकांपुढे यावेत.

हे मान्य करण्यात प्रामाणिक उत्पादकाचे काहीच जात नाही. त्याचा माल खरा असेल तर परीक्षेने त्याची पतच वाढेल. जो परीक्षेला कचरतो, तो आराम विकत नाही. तो आणखी एक पेला विकतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या यकृतातून वसूल करतो.