बंधुमंडळाची जुनी पेढी आणि नवे वारस



संस्कृतमधील ‘भ्रातृ’ आणि लॅटिन भाषेतील ‘फ्रातेर’ हे दोन शब्द एकाच भाषाकुळात जन्मलेले आहेत. त्या ‘फ्रातेर’वरूनच इंग्रजीत ‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द रूढ झाला. अमेरिकेतील महाविद्यालयांत फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांचे बंधुमंडळ. त्यात विधिपूर्वक प्रवेश दिला जातो, सभासद एकमेकांना बंधू म्हणून संबोधतात आणि हे नाते पदवी मिळाल्यावर संपत नाही. नोकरीच्या शोधात, व्यवसायाच्या आरंभी, परक्या शहरात बिऱ्हाड थाटताना जुना बंधू नव्या बंधूला हात देतो. आपल्या परिवारांतील जी मुले बारावीनंतर पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जातात, त्यांना पहिल्या काही आठवड्यांतच अशा मंडळांच्या ग्रीक अक्षरांच्या पाट्या दिसू लागतात. म्हणून आज अशाच एका मंडळाची हकिकत सांगण्याचे योजिले आहे.

त्या मंडळाचे नाव फाय आयोटा आल्फा. लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांची जी बंधुमंडळे आज हयात आहेत, त्यांत ते सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते. त्याच्या इतिहासात वाढ आहे, तशीच एक मोठी पडझडही आहे. एकेकाळी भरभराटलेली पेढी वारसाअभावी कशी थंडावते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या हकिकतीतील मधला भाग विशेष विचार करण्याजोगा वाटेल.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ग्रीक अक्षरांचे पहिले विद्यार्थिमंडळ, फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाले. ग्रीक अक्षरे ही त्याच्या बोधवाक्यातील शब्दांची आद्याक्षरे होती. एकोणिसाव्या शतकात या नमुन्यावर अनेक मंडळे निघाली. काहींनी स्वतःची घरे बांधली, त्यांत राहण्या-जेवण्याची सोय केली. परंतु त्यांपैकी बहुतेकांची दारे गोऱ्या प्रोटेस्टंट कुटुंबांतील मुलांसाठीच उघडी असत. कित्येकांच्या नियमावलीत वर्ण आणि धर्म पाहून प्रवेश नाकारण्याची कलमे लेखी स्वरूपात होती आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. ज्यांना त्या पंक्तीत पान मिळाले नाही, त्यांनी आपली पंगत वेगळी मांडली. ज्यू विद्यार्थ्यांनी आपली मंडळे काढली. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आल्फा फाय आल्फा स्थापन केले.

लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांचा आरंभ याच सुमाराचा आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी ट्रॉय नावाचे गाव आहे. तेथील रेन्सिलेर पॉलिटेक्निक ही १८२४ मध्ये स्थापन झालेली तंत्रशिक्षणाची नामांकित संस्था. रेल्वे, पूल, कालवे बांधणारे अभियंते तेथे तयार होत. क्यूबात जन्मलेले आनिसेतो मेनोकाल १८६२ मध्ये तेथून पदवीधर झाले आणि पुढे निकाराग्वातून दोन महासागर जोडणाऱ्या कालव्याच्या पाहणीमुळे प्रसिद्धीस आले. दक्षिणेकडील देशांतील सधन घराणी आपल्या मुलांना असे शिक्षण घेऊन परत येण्यासाठी समुद्रापार धाडत असत. अशा मुलांनी १८९८ मध्ये ट्रॉय येथे ‘युनियन इस्पानो आमेरिकाना’ ही मंडळी जमवली. हे वर्षही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी स्पेन आणि अमेरिका यांच्यात युद्ध झाले, क्यूबावरील स्पेनची सत्ता संपली आणि पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात गेला. घरून पत्र येईपर्यंत मायदेशाचे निशाण बदललेले असावे, असा तो काळ होता.

दुसरा प्रवाह दक्षिणेतील लुइझियाना राज्यात होता. तेथील राज्य विद्यापीठात साखरनिर्मितीचे शास्त्र शिकवणारी ऑडुबॉन शुगर स्कूल होती आणि ऊस पिकवणाऱ्या देशांतील मुले तिच्याकडे ओढली जात. त्या विद्यापीठात १९०४ मध्ये लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांची एक सभा स्थापन झाली. १९१२ मध्ये तिने सिग्मा आयोटा हे ग्रीक नाव धारण केले. तिसरा प्रवाह पश्चिम किनाऱ्यावरील बर्कली येथे १९१९ मध्ये निर्माण झालेल्या फाय लॅम्बडा आल्फाचा. ट्रॉय येथील जुनी मंडळी १९२१ मध्ये त्यात सामील झाली. शेवटी डिसेंबर १९३१ मध्ये फाय लॅम्बडा आल्फा आणि सिग्मा आयोटा एकत्र आली. २६ डिसेंबर ही स्थापनातिथी मानली जाते. नव्या नावाकडे पाहिले की दोन पेढ्यांची भागीदारी आठवते: पहिले आणि शेवटचे अक्षर एकीच्या नावात सापडते, मधले दुसरीच्या. ज्या ट्रॉयमध्ये सर्वांत आधी बैठक भरली होती, तेथील शाखेला आल्फा, म्हणजे पहिली शाखा, हा मान मिळाला.

या मंडळाने आपले पाच आधारस्तंभ ठरवले. व्हेनेझुएलाचा सिमोन बोलिव्हार, अर्जेंटिनाचा होसे दे सान मार्तीन, चिलीचा बर्नार्दो ओ’हिगिन्स, मेक्सिकोचा बेनितो हुआरेस आणि क्यूबाचा होसे मार्ती. पाच पुरुष, पाच देश. ही निवड सहज झालेली नाही. क्यूबाचा मुलगा, चिलीचा मुलगा आणि मेक्सिकोचा मुलगा यांची भाषा एक असली तरी त्यांच्या देशांचे हितसंबंध, रीतिरिवाज, अभिमान निरनिराळे. हुआरेस हा सापोतेक आदिवासी कुटुंबातील पोरका मुलगा. बालपणी त्याला स्पॅनिश भाषाही येत नव्हती, आणि तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. मार्तीने निर्वासिताचे दीर्घ आयुष्य न्यूयॉर्कमध्ये काढले. १८९१ मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या ‘आपली अमेरिका’ या अर्थाच्या निबंधात त्याने, आपले गाव म्हणजेच सारे जग असे मानणाऱ्या गावकऱ्याला सावध केले. १८९५ मध्ये क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याला मरण आले. साऱ्या खंडाची एकी हेच या मंडळाचे ध्येय ठरले आणि ‘सदा सज्ज, सदा संयुक्त’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याने स्वीकारले.

येथवर ही चढती कमान झाली. आता उतरती.

विद्यार्थ्यांच्या संस्थेचा एक स्वाभाविक दुबळेपणा असतो. तिचे कारभारी चार वर्षांत निघून जातात. दुकानात मुलगा वीस-वीस वर्षे वडिलांच्या शेजारी बसून व्यवहार शिकतो; येथे शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात दोन-तीन वर्षांचेच अंतर असते. सलग चार वर्षे नवा सभासद आला नाही, तर शाखेचे दप्तर सांभाळणारा कुणी उरत नाही. त्यातून या मंडळाचा मुख्य आधार म्हणजे परदेशातून शिकायला येऊन परत जाणारी मुले. ती आपापल्या देशी गेली, की मागे राहिलेल्या शाखेचा भार पुन्हा नवख्या मुलांवर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तर अमेरिकेत एकूणच फ्रॅटर्निटींकडे विद्यार्थ्यांचा ओढा ओसरला. तरुण पिढीला असली मंडळे जुनाट वाटू लागली. १९७० च्या दशकात फाय आयोटा आल्फाचा दिवा जवळजवळ मालवला. ज्या मंडळाने तीन दिशांचे प्रवाह एकत्र आणले होते, त्याचे नाव पुढे चालवणारे कुणी दिसेना.

विलक्षण गोष्ट अशी, की त्याच दशकात दुसरीकडे नवा अंकुर फुटत होता. न्यू जर्सी राज्यातील शहरांत पोर्तो रिको येथून आलेली कामगार कुटुंबे आणि १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून बाहेर पडलेली कुटुंबे स्थायिक झाली होती. १९६७ च्या नेवार्कमधील दंगलीनंतर राज्य शासनाने १९६८ मध्ये गरीब व मागास कुटुंबांतील मुलांच्या उच्च शिक्षणासाठी विशेष निधी सुरू केला. घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले वर्गात येऊ लागली. युनियन या गावातील कीन महाविद्यालयात १ डिसेंबर १९७५ रोजी अशा तरुणांनी लॅम्बडा थीटा फाय हे बंधुमंडळ स्थापन केले. एकीतच बळ आहे, हे त्यांचे स्पॅनिश बोधवाक्य. त्याच महिन्यात, त्याच महाविद्यालयात विद्यार्थिनींनी लॅम्बडा थीटा आल्फा हे भगिनीमंडळ उभे केले. पुढे १९८२ मध्ये कॉर्नेल येथे आणि १९८६ मध्ये आयोवा विद्यापीठातही अशी मंडळे निघाली.

ट्रॉय येथील जुन्या मंडळींत आणि या नव्या मंडळींत मोठा फरक होता. पूर्वीचा विद्यार्थी शिकून घरी परतणार होता. नव्या विद्यार्थ्याचे घर अमेरिकेतच होते. मात्र त्या घराला महाविद्यालयाची ओळख नव्हती. शुल्काचा अर्ज कसा भरावा, प्राध्यापकाला शंका कशी विचारावी, पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर काय करावे, हे सांगणारा वडीलधारा घरात नव्हता. ती उणीव बंधूने भरून काढायची होती.

अशा वेळी १९८४ मध्ये ट्रॉय येथील काही विद्यार्थी एकत्र आले. नवे नाव घेऊन नवी संस्था काढणे त्यांना अवघड नव्हते. इतरांनी तेच केले होते. त्यांनी मात्र थंडावलेल्या फाय आयोटा आल्फालाच पुन्हा चालना दिली. तेच नाव, तेच पाच स्तंभ, तेच बोधवाक्य. आधीच्या पिढीशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. त्यांनी काम उचलले आणि त्या कामामुळे ते वारस झाले.

काळही अनुकूल होता. १९८० च्या जनगणनेत अमेरिकेने संपूर्ण लोकसंख्येला स्पॅनिश वा लॅटिन अमेरिकी मूळ आहे का, हा प्रश्न प्रथमच विचारला; तेव्हा ही संख्या सुमारे १ कोटी ४६ लाख भरली. २०२० मध्ये ती ६ कोटी २१ लाखांवर गेली. ज्या महाविद्यालयांत या समाजाचे विद्यार्थी किमान २५ टक्के आहेत, त्यांना १९९२ च्या कायद्याने वेगळी मान्यता दिली. आज अशा संस्था पाचशेहून अधिक आहेत. १९९८ मध्ये लॅटिन बंधु-भगिनीमंडळांचे राष्ट्रीय महामंडळही स्थापन झाले. ट्रॉयमधून पुन्हा पेटलेली ज्योत इतर राज्यांतील विद्यापीठांत पोहोचली.

वाढीबरोबर वादही आले. ‘पहिले मंडळ कोणते?’ १९३१ ची परंपरा सांगणारे म्हणतात, मूळ पेढी आमची. १९७५ चे म्हणतात, अमेरिकेत वाढलेल्या लॅटिन तरुणांनी स्वतःसाठी उभारलेले पहिले मंडळ आमचे. वस्तुतः दोन्ही दावे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. अधिक महत्त्वाचा प्रश्न दाराचा आहे. ज्यांना इतरांनी दाराबाहेर ठेवले, त्यांनी स्वतःचे दार कसे ठेवावे? लॅम्बडा थीटा फायने आपली परंपरा लॅटिन असली तरी प्रवेश सर्वांना खुला आहे, अशी भूमिका घेतली. अन्यायातून जन्मलेल्या संस्थेने तोच अन्याय पुढे चालवू नये, हे भान लिहायला सोपे, पाळायला कठीण.

या चित्राची एक काळी बाजू आहे आणि पालकांपासून ती लपवणे योग्य नव्हे. आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात, त्याच्यासारखाच ‘हेझिंग’ हा प्रकार अमेरिकेतील बंधुमंडळांत शिरला आहे. प्रवेश मागणाऱ्या मुलाची निष्ठा पारखण्याच्या नावाखाली त्याला जागवणे, मारहाण करणे, बळेच मद्य पाजणे असे प्रकार घडले आहेत आणि त्यांत तरुणांचे जीवही गेले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे केंद्रीय कायदा झाला असून, दोषी ठरलेल्या मंडळांची माहिती महाविद्यालयांनी जाहीर करावी असे बंधन घातले आहे. मुलगा अशा मंडळात जाऊ इच्छित असेल तर ती माहिती आधी वाचावी, वार्षिक वर्गणी किती हे विचारावे आणि मंडळातील मुलांचे परीक्षेतील गुण कसे आहेत हेही पाहावे. भावाला जखम करून भाऊपण सिद्ध होत नाही.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी आयोटा न्यू डेल्टा हे बंधुमंडळ स्थापन केले. या तीन अक्षरांची इंग्रजी रूपे जोडली की ‘इंड’ असे होते. म्हणजे लॅटिन तरुणांनी ज्या वाटेवर पावले टाकली, त्या वाटेवर आपलीही मुले चालू लागली आहेत.

आपल्यापैकी अनेकांच्या हातांत एखादी संस्था असते: वसतिगृह, वाचनालय, मंडळ, शिष्यवृत्तीचा निधी. ती कुणी स्थापन केली हे भिंतीवरील फलक सांगतो. परंतु आज दाराशी येणारा विद्यार्थी कोणत्या घरातून येतो, त्याला नेमके काय हवे आहे, हे फलक सांगत नाही; ते त्याच्यापाशी बसून विचारावे लागते. ट्रॉय येथील जुन्या मंडळींना परत जाणाऱ्या मुलांची चिंता होती, १९८४ च्या तरुणांना येथेच राहून शिकणाऱ्या मुलांची. नाव तेच राहिले, चिंता बदलली, आणि म्हणून ते नाव आजही घेतले जाते. पुढच्या सभेत हिशेबाचे वाचन झाल्यावर हा एक प्रश्नही कार्यक्रमपत्रिकेवर घेता येईल.