तांबूला कुणी विचारले?

गेल्या संक्रांतीला मंडळाच्या तिळगूळ समारंभात गोष्ट आमच्या घरच्या कुत्रीवर, तांबूवर आली. ती गोल्डन रिट्रीव्हर जातीची, तेव्हा जेमतेम आठ महिन्यांची. एका स्नेह्यांनी ‘अजून उरकले नाहीत? सहाव्या महिन्यात करून टाकायचे’ असे फर्मावले. एका वहिनींनी ‘एकदा तरी तिला आई होऊ द्या’ म्हणून कळवळून विनविले. आणि आमच्याच नगर जिल्ह्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘अहो, नसबंदीच ती, त्यात मसलत कसली?’ असा निकाल दिला. परतताना मोटारीत मागे बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगी एकाएकी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सगळे बोललात, पण तांबूला कुणी विचारलं?’ तिला त्या रात्री मला उत्तर देता आले नाही.

माझी मुख्य तक्रार आहे ती त्या ‘नसबंदी’ या शब्दाविषयी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांच्या पंचसूत्रीत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्या पंगतीला बसलेला हा शब्द आम्हां नगरकरांच्या कानांना आदराचा आहे. परंतु माणसाच्या नसबंदीत केवळ वाट बंद होते, ग्रंथी शाबूत राहतात आणि देहाचा अंतःस्राव पूर्ववत चालतो. कुत्रीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत बीजकोशच, बहुधा गर्भाशयासह, काढून टाकतात. कुत्र्याचे वृषण काढतात. म्हणजे संततीबरोबर ते अंतःस्रावही थांबतात, आणि हाडांची वाढ, वजन, लघवीवरचा ताबा या सर्वांशी त्यांचा संबंध असतो. आपल्या शेतकऱ्यांचा ‘खच्ची करणे’ हा शब्द कानाला कठोर वाटेल, पण तो वस्तुस्थिती लपवीत नाही.

नेवासे तालुक्यात आमच्या आजोबांच्या गोठ्यात खिलार खोंड असत. खोंड आदत असताना आजोबा त्याला चिमटा लावू देत नसत. दोन दात यावेत, मान भरावी, वशिंड उभे राहावे, मगच जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावणे जाई. चारी पाय दोरखंडाने बांधून खोंडाला कडब्यावर आडवा पाडीत, आजोबा त्याचे मस्तक मांडीवर घेऊन बसत, आणि चिमट्याचा आवाज झाला की त्याच्या नाकपुड्यांतून सुटलेल्या फुत्काराने त्यांच्या धोतराचा सोगा हलताना मी पाहिला आहे. त्यात यातना होती, हे मी नाकारीत नाही. पण लवकर खच्ची केलेला बैल अंगाने भरत नाही, हे ज्ञान त्या निरक्षर माणसाजवळ होते.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी 2013 साली आपल्या रुग्णालयाच्या दप्तरांवरून गोल्डन रिट्रीव्हरविषयी जे मांडले, ते याच्याशी जुळणारे आहे: वर्षाच्या आत ही शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले. 2020 साली त्यांनी 35 जाती तपासल्या, तेव्हा लहान चणीच्या जातींत तसा फरक दिसला नाही. म्हणजे सहाव्या महिन्याचा नियम प्रत्येक कुत्र्याला लागू करणे चूक. आणि चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकणाऱ्या मांजरीसाठी वर्षभर थांबणे हीदेखील चूकच.

वहिनींना मात्र मी नम्रपणे सांगेन की एक वेत झाल्याने कुत्रीची प्रकृती सुधारते, याला वैद्यकात आधार नाही. उलट, जेथे सरसकट शस्त्रक्रियेची वहिवाट नव्हती त्या स्वीडनच्या विमादप्तरांत दहा वर्षांच्या आत पाचांतल्या किंवा चारांतल्या एका कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा रोग झाल्याचे दिसते, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. शेजारच्या नॉर्वेत तर 2009 चा कायदा सबळ कारणावाचून ही शस्त्रक्रिया करू देत नाही. पण तेथे कुत्री मोकाट नसतात. आपल्या गावी बेवारस पिलांचे हाल उकिरड्यावर दिसतात, म्हणून भारतातील 2001 चे आणि आता 2023 चे निर्बीजीकरणाचे नियम मला सर्वस्वी रास्त वाटतात. तो विषय मोठा आहे, येथे आवरत नाही.

मी फार उपदेश केला, याची मला जाणीव आहे, आणि त्या संध्याकाळी सर्वजण आपुलकीनेच बोलले हेही मी जाणतो. कुणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. परंतु मुक्या जिवाची मुखत्यारी आपण पत्करली असेल, तर जात कोणती, वाढ पुरी कधी होणार, काय काढणार, राहिले तर कोणता धोका आणि काढले तर कोणता, हे त्याच्या वतीने डॉक्टरांना विचारणे आपल्याकडेच येते. आपण ते विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तांबू पहिल्यांदा माजावर आली ती गेल्या महिन्यात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही आणखी तीन महिने थांबणार आहोत, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलगी बरोबर येणार आहे.