लहरींचे दप्तर

जमिनीला सातबारा असतो, नाण्यावर टांकसाळीचा छाप असतो, विवाहाचीसुद्धा हल्ली रीतसर नोंदणी होते. परंतु अमुक दिवशी सायंकाळी आकाशमार्गे आलेला आणि घरातील चार माणसांनी कान देऊन ऐकलेला एखादा आवाज खरोखरच आला होता, हे शाबीत करण्याची पाळी आली तर मनुष्याने कोणत्या कचेरीत अर्ज करावा? नभोवाणीच्या इतिहासाची हीच मोठी अडचण आहे. ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप, तो उच्चारल्या क्षणीच नाहीसा होतो आणि मागे उरतो तो केवळ कागद: परवाने, पोस्टकार्डे, वेळापत्रके, आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्या संग्राहकाच्या विशेष लोभाचा विषय झालेले केंद्रांचे रंगीत स्टिकर.

या स्टिकरांचे माहेर अमेरिका. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्सस सिटीच्या फॉरेस्ट गिल नावाच्या मुद्रकाने मोटारीच्या बंपरवर चिकटणारी पट्टी छापली, असे सांगतात. आणि ज्या देशात लोक मोटारीत बसूनच रेडिओ ऐकतात त्या देशात केंद्रांनी आपली निशाणी मोटारीच्या पाठीवर चढवावी, स्टिकर लावलेली गाडी रस्त्यात हेरून तिच्या मालकास बक्षीसही द्यावे, हे ओघानेच आले. तिकडचे संग्राहक एकेका पट्टीवरून केंद्राची वंशावळ सांगू शकतात. शिकागोचे डब्ल्यू. एल. एस. हे केंद्र 1924 साली टपालाने माल पुरविणाऱ्या सीअर्स या प्रचंड पेढीने काढले, शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामान ऐकविले, आणि 1960 मध्ये तेच केंद्र कूस बदलून तरुणांच्या रॉक संगीताचे झाले; म्हणजे त्याच तीन अक्षरांखाली आजोबांचे आणि नातवाचे अशी दोन निराळी केंद्रे नांदली.

आमच्या लोह्यात असल्या स्टिकरांना बंपर मिळणे दुर्घटच होते. नांदेड-लातूर रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारींच्या पाठीवर दुसरेच वाङ्मय रंगविलेले असे, आणि खाजगी मोटारी गावात बोटांवर मोजण्याइतक्या. तरीही हे स्टिकर इथवर आले, ते विमान टपालाने. लघुलहरींवरील परदेशी केंद्रे ऐकण्याचा छंद त्या काळी तालुक्याच्या गावांतूनही पसरलेला होता, आणि या छंदाची एक काटेकोर शिस्त होती. केंद्र कोणत्या किलोहर्ट्झवर लागले, घड्याळातील वेळेतून साडेपाच तास वजा करून येणारी ग्रिनिच वेळ कोणती, निवेदक काय बोलला, हे सारे टिपून ठेवायचे; मग लहरीची तीव्रता, शेजारच्या केंद्राचा अडथळा, वातावरणातील खरखर, लहरीचा चढउतार आणि एकंदर प्रत या पाच बाबींना एक ते पाच गुण द्यायचे, आणि तो अहवाल साता समुद्रापार रवाना करायचा. केंद्राने आपल्या दप्तराशी तो ताडून पाहिला आणि खरा ठरला, की काही आठवड्यांनी पोचकार्ड येई, आणि त्याच पाकिटात एखादा स्टिकरही असे.

कोलोन येथील डॉइचे वेलेचे असे एक कार्ड माझ्याजवळ आहे. दर्शनी बाजूस तेथील कॅथीड्रलचे दोन उंच मनोरे. मागे टंकलेखन यंत्राने ठोकलेला दिनांक आणि लहरीचा आकडा, आणि ज्या ठिकाणी फीत वाळली असावी तिथे अक्षर इतके पुसट की बोट फिरवून खाचच लागते. सोबतचा स्टिकर मात्र सुटा राहिला नाही. मूळ मालकाने तो लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून टाकला होता, आणि तो सोलून काढण्यापेक्षा मी ट्रंकच घरी आणली.

या कार्डांच्या निमित्ताने केंद्रांची चरित्रे आपोआप वाचनात येतात. डॉइचे वेले सुरू झाले 1953 साली, आणि त्याची हिंदी सेवा 1964 च्या स्वातंत्र्यदिनी. कोलंबोचे केंद्र 1925 चे. महायुद्धात माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले बलाढ्य प्रक्षेपक पुढे रेडिओ सिलोनच्या पदरी पडले, आणि आपल्या नभोवाणीमंत्र्यांनी, म्हणजे बाळकृष्ण केसकरांनी, चित्रपटगीतांना आकाशवाणीच्या उंबऱ्याबाहेर उभे केले तेव्हा त्याच प्रक्षेपकांनी ती गीते मराठवाड्याच्या ओसरीवर आणून सोडली. लंडनची मराठी सेवा 1942 ची; त्या वर्षी जॉर्ज ऑर्वेल इंग्रजीत युद्धवार्ता लिहीत आणि त्यांच्या कचेरीतील वेणू चितळे आदी मंडळी ती मराठीत उतरवीत.

हे झाले परमुलखाचे. घरचा मामला याहून चमत्कारिक आहे. हैदराबादेत निजाम सरकारच्या टपाल खात्यातील महबूब अली नावाच्या अधिकाऱ्याने 1933 च्या सुमारास चिराग अली गल्लीत दोनशे वॉटचे एक खाजगी केंद्र हौसेने चालविले. 1935 मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले आणि पुढे दख्खन रेडिओ म्हणून ते सर्वश्रुत झाले. हैदराबादेच्या जोडीला औरंगाबादेसही केंद्र निघाले, आणि 1947 साली संस्थानी मुलखांत जी पाच केंद्रे अस्तित्वात होती त्यांपैकी दोन एकट्या निजामाची होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शस्त्रसंधीची घोषणा केली ती याच हैदराबाद नभोवाणीवरून. 1 एप्रिल 1950 पासून दोन्ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. औरंगाबादचे पुढे बंद पडले, आणि मराठवाड्याची आकाशवाणी म्हणून आमच्या पिढीने ओळखली ती 1968 ची परभणी. यांपैकी एकाही केंद्राचा स्टिकर आजवर माझ्या हाती लागलेला नाही, आणि जिथे ऐकणाराच सरकारचा देणेकरी, तिथे त्याची मनधरणी करणारी पट्टी कोण छापणार, हा प्रश्न मी स्वतःशीच पुष्कळदा केला आहे.

कारण आपल्याकडे ऐकणाऱ्यास सरकारने दिलेला कागद निराळाच होता: रेडिओचा परवाना. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जुन्या जिनसांच्या पथारीवर मिळालेले असे एक पुस्तक मी जपून ठेवले आहे. पहिल्या पानावर धारकाचा पत्ता आणि यंत्राची जात, पुढील पानांवर सालोसाल पंधरा रुपयांची तिकिटे, आणि प्रत्येक तिकिटावर अर्धा कागदावर सांडलेला टपाल कचेरीचा गोल शिक्का. परवान्याविना यंत्र बाळगणे हा गुन्हा होता आणि तपासनीस दारात उभा राहण्याची धास्ती खरी होती. एका वर्षाच्या तिकिटाशेजारी कोणीतरी शिसपेनने उसनवारीचा हिशोब मांडलेला दिसतो. यावरून ते पंधरा रुपये त्या घरास किती जड गेले असतील याची कल्पना येते.

परवाना आणि पोचकार्ड हे दोन्ही कागद एकाच ट्रंकेत निघू शकतात, आणि माझ्या मते नभोवाणीचा सारा इतिहास त्यांच्या अंतरात सामावलेला आहे. पहिल्या कागदास श्रोता हा वसुलीच्या यादीतील एक असामी आहे. दुसऱ्यास तो साक्षीदार आहे, आणि आपला आवाज लोह्यापर्यंत धड पोचतो की नाही हे त्याने सांगितल्याविना कोलोनच्या अभियंत्यासही कळण्याचा मार्ग नव्हता. परदेशी केंद्रांच्या त्या अगत्यामागे प्रचाराचा हेतू होता हे मी जाणतो. पण हेतू कोणताही असो, लोह्यातील एखाद्या शाळकरी मुलाने दिलेले गुण जगात कोणीतरी गंभीरपणे नोंदवून घेतले, ही वस्तुस्थिती त्याने उणावत नाही.

लघुलहरींचा तो बाजार आता उठला. हॉलंडच्या हिल्व्हर्सम येथील केंद्राने 2012 मध्ये गाशा गुंडाळला, आणि लंडनची हिंदी सेवा लघुलहरींवरून 2020 च्या जानेवारीत थांबली. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशा ट्रंका असतील त्यांना माझी एकच विनंती आहे. स्टिकर सोलू नका, परवान्यावरील तिकिटे उचकटू नका, आणि कार्ड ज्या पाकिटातून आले ते पाकीट तर मुळीच टाकू नका. कारण कार्डावर केंद्राचे नाव असते, आणि ऐकणाऱ्याचे गाव बहुधा त्या पाकिटावरच लिहिलेले असते.