गोदामातील वेग कोणाच्या कंबरेवर?

मोबाइलवर मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, तेव्हा ती कोणीतरी गोदामाच्या रॅकमधून हाताने काढलेली असते. या कामगाराला ‘पिकर’ म्हणतात. स्कॅनरवर कप्प्याचा क्रमांक उमटला की तिथवर चालायचे, वस्तू काढायची, की लगेच पुढचा क्रमांक. त्याचा सुमारे निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो.

ही पायपीट कमी करणे अवघड नाही. जास्त खपाचा माल पॅकिंगच्या टेबलाजवळ, तोही कंबर ते खांद्याच्या उंचीत ठेवायचा. अनेक ऑर्डरींचा माल एकाच फेरीत गोळा करायचा. भिवंडीतल्या साध्या गोदामालाही हे जमेल. पण सोपा वाटतो तो दुसरा मार्ग, माणसाला पळवण्याचा. जून २०२४ मध्ये हरियाणातील मानेसरच्या अॅमेझॉन गोदामातून बातमी आली, की सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी किंवा स्वच्छतागृहासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली; कंपनीने ही एखादीच घटना असल्याचे म्हटले. काम माल उतरवण्याचे होते, वृत्ती मात्र तीच. उत्तर भारतातल्या त्या उन्हाळ्यात पाणी तोडणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. लघवी रोखून धरली तर मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वेगळाच.

मग यंत्रमानव आणावेत का? अॅमेझॉनने २०१२ मध्ये ‘किव्हा’ ही कंपनी विकत घेतली; तिच्या तंत्राने रॅकच कामगारापाशी चालत येतो. चालणे संपते, पण एका जागी उभे राहून वाकणे-ताणणे वाढते. इथे अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेचे सूत्र उपयोगी पडते. आदर्श स्थितीत २३ किलोपर्यंतचे ओझे उचलणे ते सुरक्षित मानते. पण मिनिटाला जितक्या जास्त वेळा उचलाल आणि हात जितका लांब न्याल, तितकी ही मर्यादा घसरते. हलके खोकेही वेगामुळे जड होते, ते असे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीच्या अहवालाने अॅमेझॉनमधील वेग आणि दुखापतींचा संबंध दाखवला. कंपनीने तो फेटाळला.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून कामाचा कोटा कामगाराला लेखी द्यावा लागतो आणि जेवण, विश्रांती वा स्वच्छतागृहाच्या आड येणारा कोटा लादता येत नाही. आपल्याकडेही स्कॅनर नगागणिक वेळ नोंदवू शकतो. तीच नोंद कामगार आणि कंपनीचे डॉक्टर यांच्या हाती दिली, तर कोणत्या वेगाला कंबर दुखू लागते हेही कळेल.