टायराची ऋतुचर्या

दिवाळीच्या पाडव्यास आम्ही सहकुटुंब पेणहून रोह्यास आमच्या वडीलबंधूंकडे जातों, हा परिपाठ फार वर्षांचा आहे. गेल्या दिवाळींत फराळ चालला असतां म्यूनिकहून दादांच्या कन्येचा फोन आला. आजकाल फोनांत चेहराही दिसतो. त्यामुळें कुशल विचारण्याच्या निमित्तानें सारें घर त्या इवल्याशा कांचेपुढें गोळा झालें. कुशल झाल्यावर मुलीनें आपल्या घरांतला एक वाद आम्हां वडीलधाऱ्यांपुढें मांडला.

वाद असा. तिकडे हिवाळा लागतांच मोटारीचे नेहमींचे टायर उतरवून हिवाळी म्हणून निराळे टायर चढवितात. जांवईबापूंचें म्हणणें, गाडीचे उन्हाळी टायर अवघे दोन वर्षांचे. बर्फ रस्त्यावर राहतो थोडे दिवस. तेवढ्यासाठीं नवे चार टायर घेऊन निम्में वर्ष तळघरांत ठेवणें ही चैन झाली. फार तर पुढच्या दोन चाकांना नवे घालूं. मुलीचें म्हणणें, पहाटेच्या अंधारांत लहानग्याला पाळणाघरांत पोंचवावें लागतें. मन धजत नाहीं.

वहिनी म्हणाल्या, "मुलाबाळांच्या जिवापुढें पैशाचें तोंड पाहूं नये." दादा म्हणाले, "आम्ही उन्हाळा-पावसाळा एकाच वहाणेवर काढला!" शेवटीं दोघेंही आमच्याकडे वळलीं. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेला मनुष्य कोणत्याही विषयांत निवाडा देऊं शकतो, अशी आमच्या घरांत समजूत आहे. आणि खोटें कां बोलावें, ती आमचीही होती. आम्ही निवाडा दिला, "टायर तो टायर. रस्ता निसरडा असेल तर गाडी हळू चालवावी. सावधपणासारखा टायर दुसरा नाहीं."

सर्वांस तें पटलेलें दिसलें. आम्ही करंजी उचलली. तोंच मुलगी हळूच म्हणाली, "काका, आषाढांत भिसे खिंडींत तुमची गाडी घसरली, तेव्हां ती हळूच चालली होती ना?"

करंजी हातांत राहिली. ती म्हणत होती तें अक्षरशः खरें होतें. नागोठण्याहून भिसे खिंडीच्या वाटेनें आम्ही रोह्यास येत होतों. पाऊस मुसळधार. आमचे चिरंजीव स्वभावानेंच सावध. गाडीचा वेग फारसा नव्हता. मागें आमचा सहा वर्षांचा नातू बसला होता. एका वळणावर पुढें गुरें आलीं, चिरंजिवांनीं ब्रेक लाविला, आणि गाडीचा मागचा भाग एकदम बाजूला फिरला. गाडी अर्धी वळून डोंगराच्या अंगच्या गटारांत टेकली. दुसऱ्या अंगास दरी होती. नातू हंसत होता. त्याला ती गंमत वाटली. आमचे पाय मात्र बराच वेळ जमिनीवर स्थिर होईनात. घरीं येऊन आम्ही देवापुढें साखर ठेवली आणि प्रकरण मिटलें असें समजलों. रोह्याच्या कारागिरानें मात्र गाडी पाहून दोन शब्दांत कारण सांगितलें होतें, "मागचे गोटा." चैत्रांत आम्ही काटकसर म्हणून पुढचे दोनच टायर नवे घातले होते. मागच्यांची नक्षी घासून ते गुळगुळीत झाले होते.

म्हणजे सावधपणा होता, पण तो रस्त्यापर्यंत पोंचत नव्हता. मग निवाडा मागें घेऊन आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

मोटार कितीही मोठी असो, ती रस्त्याला स्पर्श करिते चार जागीं, आणि प्रत्येक जागा सुमारें तळहाताएवढी. चालविणाराची सारी बुद्धि, ब्रेक व चक्र यांची सारी करामत या चार तळहातांतूनच रस्त्यास कळते. हे तळहात रबराचे, आणि रबराचा गुण असा कीं तें ऊबेंत लवचिक असतें व थंडींत कडक होतें. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत नष्ट होऊन सात जणांचा अंत झाला. पुढें चौकशीच्या वेळीं रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानें सांध्यांत बसविण्याच्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला. चिमटा सोडल्यावर तो तुकडा लगेच मूळ आकारावर आला नाहीं. थंडीनें त्याची उसळी नाहींशी झाली होती. उड्डाणाच्या सकाळीं तशीच थंडी होती.

उन्हाळी टायरांचेंही थंडींत असेंच होतें. तापलेल्या रस्त्यावर झिजूं नये म्हणून त्यांचें रबर मुळांतच कणखर केलेलें असतें. हवा सुमारें सात अंशांच्या खालीं गेली कीं तें ताठरूं लागतें व रस्त्याच्या बारीक खडबडीस धरीत नाहीं. यासाठीं बर्फच पडला पाहिजे असें नाहीं. कोरड्या वाटणाऱ्या पहाटेच्या रस्त्यावरही हा फरक पडतो. जांवईबापूंच्या हिशेबांतून निसटली ती हीच गोष्ट. ते बर्फाचे दिवस मोजीत होते. मोजावयास हवे होते थंडीचे महिने.

हिवाळी टायराचें रबर थंडींतही मऊ राहील असें घडवितात. शिवाय त्याच्या नक्षीवर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक फटी असतात. त्या उघडून बर्फास धरतात. रुंद खांचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फ बर्फाला चांगला चिकटतो, हें हातानें बर्फाचा गोळा वळणाऱ्या पोरासही ठाऊक असतें. फिनलंडांत मालमोटारींसाठीं १९३४ मध्यें व लहान मोटारींसाठीं १९३६ मध्यें असे टायर निघाले. म्हणजे ही कालची चैन नव्हे. जर्मनींत तर २०१० सालापासून कायदाच असा आहे कीं रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेलें दंव असतां हिवाळी टायरांवांचून गाडी हांकूं नये. तीन शिखरांच्या डोंगरांत हिमकण अशी खूण ज्यावर आहे, तोच टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें हिवाळी धरतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत तर तारखाच ठरलेल्या आहेत, १ डिसेंबर ते १५ मार्च.

दादांचा खर्चाचा आक्षेपही विचारांत घेतला पाहिजे. दोन जोड असले म्हणजे एक झिजतो तेव्हां दुसरा विसावतो. त्यामुळें खर्च दुप्पट होत नाहीं, बराचसा आधीं भरावा लागतो इतकेंच. वर्षांतून दोनदां बदलण्याची मजुरी मात्र अधिक. ज्यांच्या गांवीं थंडी सौम्य व गाडीचा वापर थोडा, त्यांच्यासाठीं तीच डोंगराची खूण असलेले बारमाही टायरही मिळतात; पण ते मधल्या मार्गाचे, दोन्ही ऋतूंत थोडे थोडे उणे. म्यूनिकसारख्या ठिकाणीं, आल्प्सच्या पायथ्याजवळ, जिला रोज पहाटे निघणें भाग आहे तिनें हिवाळीच घ्यावे. आणि घ्यावे ते चारही. पुढचीं चाकें रस्ता धरतात व मागचीं धरीत नाहींत, तेव्हां काय होतें हें आम्हांस भिसे खिंडीनें शिकविलें आहे.

आमच्या वाचकांस येथें एका जुन्या ग्रंथाची आठवण होईल. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. मावळत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस व उगवत्या ऋतूचे पहिले सात, हा ऋतुसंधि. त्यांत जुना क्रम हळूहळू सोडून नवा धरावा, असें तो सांगतो. जर्मन लोकही ऑक्टोबरांत हिवाळी टायर चढवितात व ईस्टरच्या सुमारास उतरवितात. पहिला बर्फ पडल्यावर धांवाधांव करणाराला उशीर झालेला असतो.

आतां आमचें काय? पेण-रोह्याच्या थंडीला एक शाल पुरते. येथें हिवाळी टायर घालणें म्हणजे वैशाखांत लोकरी मोजे घालणें होय. तें मऊ रबर आमच्या उन्हांत भराभर झिजेल आणि तापल्या रस्त्यावर गाडी थांबावयासही अधिक अंतर लागेल. ज्या मंडळींस हिवाळ्यांत बर्फ पाहण्यास काश्मीर-मनालीकडे जावयाचें असेल, त्यांनीं तेथील सराईत चालकाची, चाकांना साखळ्या लावणारी गाडी करावी. आपली नेऊं नये.

आमचा कठीण ऋतु पावसाळा. त्या ऋतूंत जीव राखतात त्या टायराच्या खांचा. चाकाखालचें पाणी त्यांतून बाहेर फेंकलें जातें. खांचा उथळ झाल्या कीं वेगांत पाणी चाकाखालीं पाचरीसारखें शिरतें, टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि हातांतलें चक्र एकदम हलकें लागतें. अशा वेळीं ब्रेक दाबूं नये, चक्र झटकूं नये. वेगाच्या पट्टीवरचा पाय हळूच उचलून चक्र सरळ धरावें. पहिल्या सरींत तर रस्त्यावरचें तेल व धूळ यांचा राबडा होतो, तेव्हां विशेष जपावें.

मोटारीच्या खांचा १.६ मिलिमीटरहून उथळ नसाव्या असा आपल्याकडे नियम आहे. मोजपट्टी नको, खांचेच्या तळाशीं आडवे लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली कीं टायर संपला. पण ही शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यापूर्वीं खांच तीन मिलिमीटरांवर आली असेल तरी टायर बदललेला बरा. दोनच नवे घेणें परवडत असेल तर ते मागें घालावे व मागचे बरे असलेले पुढें आणावे. हवा थंड चाकांत, महिन्यांतून एकदां तरी तपासावी. आणि टायराचें वय पाहावें. त्याच्या कुशीवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें ताठरतें व त्याला भेगा पडतात.

आमच्या घरीं मृग लागण्यापूर्वीं छत्र्या दुरुस्तीस काढण्याची चाल आहे. यंदां त्याच दिवशीं नातवास घेऊन गाडीचीं चारही चाकें पाहिलीं. उंचवटे त्यानेंच शोधून काढले. मागचे टायर आतां नवे आहेत. म्यूनिकची गाडीही हिवाळाभर चार हिवाळी टायरांवर चालली. एका सकाळीं मुलीनें पांढरा शुभ्र रस्ता दाखविला व नुसतें "पोंचलें, काका" म्हणाली.

राहिले दादा. त्यांची जुनी गाडी रोह्यांत बहुधा ओट्यापुढें उभीच असते. पावसाळ्यांत मात्र वहिनींस घेऊन ते दवाखान्यास व देवळास तींतूनच जातात. वैशाखांत गेलों तेव्हां आम्ही तिच्या चाकापाशीं उकिडवे बसलों. दादांनीं विचारलें, "काय वाचतोस रे?" आंकडे होते २३१४, म्हणजे टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्याचे. कुशींना बारीक भेगा पडल्या होत्या. दादा म्हणाले, "नक्षी तर अगदीं नवी आहे! बघूं पुढें."

दादा अद्याप बघत आहेत. हा अंक त्यांच्या घरीं दर महिन्यास जातो, आणि दुपारीं वहिनी तो मोठ्यानें वाचून दाखवितात.